ब्लूजमधील फिडल कोठे गेले?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: “मी लहानपणापासून हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलो. पुढे ब्लूज हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा गानप्रकार ऐकू लागलो, तेव्हा गिटार, हार्मोनिका आणि पियानो हीच वाद्ये कानी पडली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जुन्या संगीतात फिडलला, म्हणजे व्हायोलिनलाच, मोठे स्थान होते, असे अलीकडे वाचले. हे खरे आहे का? खरे असेल, तर ते ब्लूजमधून नाहीसे कसे झाले? आणि माझ्यासारख्याने ते वाजवायला सुरुवात कोठून करावी?”

आपण वाचलेत ते खरे आहे. मीही आपल्यासारखाच सा-रे-ग-म गिरवत व्हायोलिनपर्यंत आलो आणि गेली वीसेक वर्षे नॉर्थ कॅरोलायनात राहून तेथील जुन्या धाटणीचे फिडल वाजवीत आणि शिकवीत आहे. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सावकाशीने लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून त्या काळी काय विकले जात होते ते कळते. लोकांच्या घरी, अंगणात आणि शनिवारच्या नाचात काय वाजत होते, ते त्यांवरून अर्धेच कळते. या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या आणि त्यात फिडलचे नाव पुसले गेले.

फिडल आणि व्हायोलिन हे एकच वाद्य आहे. नाव बदलते ते वादनाच्या पद्धतीवरून. फिडलवाले अनेकदा तारांखालची घोडी थोडी सपाट करून घेतात, म्हणजे दोन तारा एकदम वाजवणे सोपे जाते. जुने वादक वाद्य हनुवटीखाली न दाबता छातीशी किंवा दंडाशी टेकवीत आणि गज मुठीपाशी न धरता थोडा वर धरीत. वाद्य युरोपातून आले, यात वाद नाही. मात्र ज्यांच्या हाती ते अमेरिकेत पडले, त्यांतील अनेकांच्या पूर्वजांना गजवाद्य नवे नव्हते. पश्चिम आफ्रिकेच्या सवाना पट्ट्यात, म्हणजे सेनेगलपासून नायजेरियापर्यंतच्या कोरड्या गवताळ प्रदेशात, एकतारी गजवाद्ये फार पूर्वीपासून वाजवली जातात. हौसा लोकांचे गोजे घ्या: अर्ध्या भोपळ्याच्या कवचावर घोरपडीचे कातडे ताणून बसवलेले असते, त्यावरून घोड्याच्या केसांची एकच जाड तार जाते आणि वाकड्या काठीच्या गजालाही घोड्याचेच केस असतात. त्याचा स्वर जरा घोगरा आणि किंचित झणझणता असतो, आणि सूर एका जागी न ठेवता घसरवत नेण्याकडे वादकाचा कल असतो. या प्रदेशातून हजारो माणसे पकडून अटलांटिकपार नेली गेली. वाद्ये बरोबर नेणे त्यांना शक्य नव्हते. कान आणि हात मात्र त्यांच्याबरोबर गेले.

व्हर्जिनियात गुलाम फिडलवादकाची नोंद सतराव्या शतकाच्या अखेरीसच सापडते. अठराव्या शतकातील वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालक जाहिराती देत; त्यांत उंची, अंगावरचे कपडे आणि व्रण यांच्या बरोबरीने ‘फिडल वाजवतो’ अशी खूण पुन्हा पुन्हा दिलेली आढळते. या जाहिराती वाचताना अंगावर काटा येतो, कारण ज्या कलेमुळे त्या माणसाला चार लोकांत ओळख मिळाली, तीच त्याला पकडण्यासाठी वापरली जात होती. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनो येथे उठाव झाला आणि १७४० च्या कायद्याने तेथे गुलामांना ढोल आणि शिंगे वाजवण्याची बंदी झाली, कारण त्यांवरून निरोप धाडता येतो, अशी मालकांना भीती होती. फिडलवर अशी बंदी नव्हती. उलट मालकाच्या घरचे नाच गुलाम वादकाच्या फिडलवर चालत आणि चांगल्या वादकाला शेजारच्या मळ्यांवर भाड्याने पाठवले जाई.

या जगाचे सर्वांत जवळून केलेले वर्णन सॉलोमन नॉर्थअप याचे आहे. तो न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र नागरिक होता आणि फिडल वाजवून काही कमाई करीत असे. १८४१ मध्ये सर्कशीत वाजवण्याचे काम देतो, असे सांगून दोघांनी त्याला वॉशिंग्टनला नेले आणि तेथून त्याला गुलाम म्हणून लुइझियानात विकण्यात आले. सुटका झाली १८५३ मध्ये. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो सांगतो की गोऱ्यांच्या एका मेजवानीत वाजवल्याबद्दल त्याला १७ डॉलर मिळाले आणि त्या रकमेमुळे तो सोबत्यांच्या नजरेत लक्षाधीश ठरला. आणि हे व्हायोलिन नसते तर बंदिवासाची इतकी वर्षे आपण कशी काढली असती याची कल्पनाही करवत नाही, असेही तो म्हणतो. पुढे १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पाखाली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांतील आठवणींमध्ये फिडलचा उल्लेख बँजोच्या सुमारे दुप्पट येतो. बँजो हे आफ्रिकी वंशाचे वाद्य म्हणून आज अधिक चर्चेत आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी ते नाच पाहिले, त्यांच्या स्मरणात फिडल अधिक होते.

त्या काळची एक रीत येथे तपशिलाने सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून समजते. फिडलवादक वाजवू लागला की दुसरा माणूस त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभा राही किंवा बसे. त्याच्या हातात दोन ताठ काड्या किंवा विणकामाच्या सुया असत. गज तारांवर जेथे फिरतो आणि डाव्या हाताची बोटे जेथे पडतात, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो त्या काड्यांनी तारांवरच ठेका धरी. अशा रीतीने एकाच वाद्यातून सूर आणि ताल एकदम निघत. ढोल बंद झाले होते, पण फिडलच्या तारांवर ते चालू राहिले होते. हे आम्ही शिबिरात करून पाहतो, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला वाद्याला इजा होईल, अशी धास्ती वाटते. दोन मिनिटांनी त्यांचे पाय आपोआप हलू लागतात. कृष्णवर्णीयांच्या फिडलवादनात गजाकडून तालवाद्याचे काम घेतले जाते, हे त्या वेळी जितके स्पष्ट कळते तितके वर्णनाने कळत नाही.

आता ब्लूजकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील खेड्यांत कृष्णवर्णीयांचे नाच फिडल, बँजो, गिटार आणि कधी मँडोलिन किंवा मोठे बास व्हायोलिन अशा तंतुवाद्यांच्या ताफ्यावर चालत. त्यालाच स्ट्रिंग बँड म्हणतात. हे ताफे गोऱ्यांच्या नाचातही वाजवीत, कृष्णवर्णीयांच्या नाचातही वाजवीत. आठ माणसांच्या चौकोनी नाचाच्या जुन्या चाली, वॉल्ट्झ, रॅगटाइम आणि नव्याने आलेले ब्लूज असे सर्व काही त्यांना यावे लागे. ब्लूज या नावाचे वेगळे दुकान तेव्हा नव्हते. तो एका मोठ्या संग्रहातला नवा माल होता आणि तो वाजवणाऱ्यांत फिडलवादक पुढे बसलेला असे.

हे दुकान वेगळे केले ते ध्वनिमुद्रण कंपन्यांनी, आणि हे कसे घडले ते पाहणे फार बोधप्रद आहे. ऑगस्ट १९२० मध्ये ओके कंपनीसाठी मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने गायिलेले ‘क्रेझी ब्लूज’ प्रचंड खपले. कृष्णवर्णीय ग्राहक पैसे देऊन तबकड्या घेतात आणि त्यांना ब्लूज हवे आहे, असा निष्कर्ष कंपन्यांनी काढला. तीन वर्षांनी, जून १९२३ मध्ये, त्याच कंपनीने अटलांटात फिडलिन’ जॉन कार्सन या गोऱ्या वादकाचे ध्वनिमुद्रण केले, तेही अनपेक्षितपणे खपले, आणि गोऱ्या खेडुतांना फिडल हवे आहे, असा दुसरा निष्कर्ष निघाला. मग याद्या वेगळ्या झाल्या. कोलंबिया कंपनीने कृष्णवर्णीयांसाठी १४००० क्रमांकाची मालिका ठेवली आणि गोऱ्यांच्या जुन्या ग्रामीण संगीतासाठी १५००० क्रमांकाची. पहिल्या प्रकाराला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत आणि दुसऱ्याला पुढे ‘हिलबिली’ हे नाव पडले. कृष्णवर्णीय फिडलवादक या दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत सापडला. तो कंपनीच्या माणसापुढे उभा राहून जुनी नाचाची चाल वाजवू लागला, तर ती गोऱ्यांच्या यादीतली ठरे. त्याच्याकडून ब्लूज हवे असे, आणि ब्लूजसाठी एकटा गिटारवाला गायक स्वस्तात पडे.

ही भिंत किती कृत्रिम होती, ते काही तबकड्यांवरूनच दिसते. जॉर्जियातील कॅलहून गावचे अँड्र्यू बॅक्स्टर आणि जिम बॅक्स्टर हे बापलेक, वडील फिडलवर आणि मुलगा गिटारवर, १९२७ ते १९२९ या काळात व्हिक्टर कंपनीसाठी वाजवीत होते. १९२७ मध्ये शार्लट येथे त्याच भागातील गोऱ्यांचा ‘जॉर्जिया यलो हॅमर्स’ हा ताफाही ध्वनिमुद्रणाला आला होता आणि ‘जी रॅग’ या तबकडीवर त्या ताफ्याचे फिडल अँड्र्यू बॅक्स्टर यांनी वाजवले. त्याच वर्षी इंडियानातील रिचमंड येथे केंटकीचे कृष्णवर्णीय फिडलवादक जिम बुकर यांनी ‘टेलर्स केंटकी बॉइज’ या नावाखाली गोऱ्या सोबत्यांबरोबर फिडल वाजवले. ग्राहकाच्या हाती आलेल्या तबकडीवर वादकाचा वर्ण लिहिलेला नव्हता. १९३० मध्ये नॉक्सव्हिल येथे हॉवर्ड आर्मस्ट्राँग, कार्ल मार्टिन आणि त्यांचा सोबती यांनी दोन चाली वाजवल्या. व्होकॅलियन कंपनीने ती तबकडी कृष्णवर्णीयांसाठी ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने आणि गोऱ्यांसाठी ‘टेनेसी ट्रिओ’ या नावाने विकली. ध्वनी तोच, वादक तेच. मला या संपूर्ण इतिहासातले एकच उदाहरण द्यायचे झाले तर मी हे देईन.

तरीही जे ध्वनिमुद्रित झाले ते थोडे नाही, आणि ते फार सुंदर आहे. गिटारवादक म्हणून जगाला माहीत असलेला न्यू ऑर्लीन्सचा लॉनी जॉन्सन १९२५ मध्ये ‘फॉलिंग रेन ब्लूज’ या त्याच्या सुरुवातीच्या तबकडीवर व्हायोलिन वाजवतो. लुइव्हिलमध्ये क्लिफर्ड हेज या फिडलवादकाभोवती जग बँड उभे राहिले, म्हणजे ज्यांत मातीच्या सुरईत फुंकून खर्ज काढला जातो असे ताफे. मेम्फिसमध्ये फ्रँक स्टोक्सच्या गिटारला १९२९ मध्ये विल बॅट्सच्या फिडलची साथ मिळाली. अटलांटात पेग लेग हॉवेल याच्या टोळीत एडी अँथनी हा फिडलवादक होता. त्याचे वादन खरखरीत, आरडाओरड्याने भरलेले आणि रस्त्यावरच्या गर्दीला थांबवील असे आहे. या गटाच्या १९२७ च्या तबकड्या कोलंबियाने काढल्या. शुद्ध स्वराची सवय असलेल्या कानाला तो पहिल्यांदा बेसूर वाटतो. मलाही वाटला होता. आज मला अँथनी हा त्या काळातला सर्वांत जिवंत गज वाटतो.

मिसिसिपीच्या डेल्टा ब्लूजचा मूळ पुरुष मानला जाणारा चार्ली पॅटन याने १९२९ मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीसाठी हेन्री ‘सन’ सिम्स या फिडलवादकाबरोबर गाणी मुद्रित केली. ‘एल्डर ग्रीन ब्लूज’ ऐकावे. पॅरामाउंटच्या तबकड्यांचा दर्जा वाईट होता, त्यामुळे खरखरीच्या पडद्याआडून ऐकावे लागते. सिम्स पॅटनच्या आवाजाला जवळजवळ चिकटून चालतो. गायक शब्द ओढतो तेथे तो गज ओढतो, पण दोघांचे सूर तंतोतंत जुळवण्याची त्याला घाई नाही. आपल्याकडे सारंगीवादक गायकाच्या मागे सावलीसारखा जातो, तसे हे आहे. फरक एवढाच की येथे सावली जरा आधी किंवा जरा नंतर पडली तरी चालते, आणि त्या फटीतच गंमत आहे.

हेच सन सिम्स १९४२ मध्ये पुन्हा भेटतात. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, ग्रंथालयासाठी लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर ध्वनिमुद्रण करीत होता. तेथे सिम्सच्या चौघांच्या ताफ्यात गिटार घेऊन गाणारा एक तरुण ट्रॅक्टरचालक होता. त्याचे नाव मडी वॉटर्स. पुढच्या वर्षी तो शिकागोला गेला आणि विजेच्या गिटारवर त्याने ब्लूजचा नवा आवाज घडवला. ज्या माणसापासून आपण आधुनिक ब्लूजची सुरुवात मोजतो, तो फिडलच्या ताफ्यातून आला होता, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकवतो.

आता ज्या ताफ्यावर मी सर्वांत अधिक वेळ घालवला, त्याच्याकडे येतो. मिसिसिपीतील बोल्टन गावाजवळचे चॅटमन हे वादकांचे कुटुंब. वडील हेंडरसन चॅटमन गुलामगिरीच्या काळापासूनचे फिडलवादक; मुले शेती करीत आणि गोऱ्या-काळ्या दोघांच्या नाचांना वाजवीत. त्यांतील लॉनी चॅटमन फिडलवर आणि कुटुंबाबाहेरचा वॉल्टर व्हिन्सन गिटारवर व गायनाला, हा ‘मिसिसिपी शीक्स’ या ताफ्याचा गाभा. भाऊ बो कार्टर आणि सॅम हेही त्यात ये-जा करीत. फेब्रुवारी १९३० मध्ये लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे ओके कंपनीसाठी त्यांनी ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ मुद्रित केले. ते इतके पसरले की पुढे ब्लूजगायक हाउलिन’ वुल्फपासून ब्लूग्रास आणि वेस्टर्न स्विंग या शैलींच्या गोऱ्या वादकांपर्यंत सर्वांनी ते आपले म्हणून वाजवले. १९३५ पर्यंत या ताफ्याच्या तबकड्यांच्या सत्तरहून अधिक बाजू निघाल्या; एका बाजूवर एक गाणे मावे.

ही तबकडी बारकाईने ऐकण्यासारखी आहे. नेहमीचे ब्लूज बारा बारांचे असते. प्रत्येक बार चार मात्रांचा धरला तर अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन होते. हे गाणे नऊ बारांचे, म्हणजे छत्तीस मात्रांचे आहे, त्यामुळे कानाला शेवट अपेक्षेआधीच येतो आणि आवर्तन पुन्हा सुरू होते. प्रिया सोडून गेली आहे आणि तरी मला चिंता नाही, असे गायक म्हणतो. गिटारचा ठेका निश्चिंत चालतो. शब्दही निश्चिंत आहेत. दुःख आहे ते फिडलमध्ये. लॉनी चॅटमन गायकाच्या ओळीखाली मंद आवाजात तीच चाल वाजवत राहतो आणि ओळ संपली की गांधारावर खालून सरकत येऊन थोडा थांबतो. तो गांधार ना कोमल ना शुद्ध. शब्दांनी जे नाकारले, ते तो एक स्वर कबूल करतो. गिटारवर काच किंवा सुरी घसरवून हा परिणाम साधतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गिटारचा स्वर छेडल्याक्षणी विरू लागतो, गज मात्र तो स्वर हवा तेवढा धरून वळवू शकतो. माणसाच्या गळ्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे वाद्य त्या ताफ्यात नव्हते.

मग फिडल ब्लूजमधून का गेले? कंपन्यांच्या याद्यांची गोष्ट सांगून झाली. महामंदीत तबकड्यांचा खप कोसळला आणि खेड्यापाड्यांत जाऊन ध्वनिमुद्रण करणे कंपन्यांना परवडेनासे झाले. टपालाने मागवता येणारी स्वस्त गिटार घरोघरी पोहोचली होती, आणि एकटा माणूस गिटारवर गाणे, साथ आणि ठेका हे तिन्ही सांभाळू शकतो. फिडलवादकाला सोबती लागतो आणि मिळकत वाटून घ्यावी लागते. नाचही बदलले. जोडप्यांच्या संथ नाचाला पियानो आणि पुढे नाणे टाकून चालणारे ज्यूकबॉक्स पुरेसे झाले. लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेले. तेथील गोंगाटाच्या मद्यगृहांत मायक्रोफोनशिवायचे फिडल ऐकूच येत नसे. शिकागोत मायक्रोफोन मुठीत धरून वाजवलेल्या हार्मोनिकाने गायकाला उत्तर देण्याची जागा घेतली, आणि माझ्या मते ती जागा मुळात फिडलचीच होती. याखेरीज एक कारण आहे, ज्याबद्दल कमी बोलले जाते. गोरे नट तोंडाला काळे फासून बँजो-फिडल घेऊन कृष्णवर्णीयांची टवाळी करीत, ते मिन्स्ट्रेल खेळ लोक विसरले नव्हते. तरुण पिढीला ही वाद्ये गुलामगिरीच्या आणि अपमानाच्या आठवणीसारखी वाटली असतील, तर त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

फिडल संपले मात्र नाही. १९४२ मध्येच फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी नॅशव्हिलच्या फ्रँक पॅटरसन यांचे फिडल आणि नेथन फ्रेझियर यांचा बँजो मुद्रित केला; त्यातला वेग आजही ऐकणाऱ्याला थक्क करतो. टेनेसीच्या वॉरन परगण्यातील जॉन लस्क यांच्या ताफ्याचे ध्वनिमुद्रण १९४६ मध्ये झाले. लुइझियानात फ्रेंचभाषक कृष्णवर्णीयांच्या क्रिओल परंपरेत कॅनरे फाँटेनो यांनी १९९५ पर्यंत ब्लूजचा रंग फिडलवर जिवंत ठेवला. त्यांचे पहिले वाद्य सिगारच्या खोक्याचे आणि जाळीच्या दारातून काढलेल्या तारांचे होते. नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन येथील जो थॉम्पसन हे चुलतभाऊ ओडेल यांच्या बँजोबरोबर घरची परंपरा वाजवीत राहिले. २००५ मध्ये बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला, त्यानंतर रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन शिकू लागले. त्यांनी आपल्या ताफ्याला ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हे नाव १९३० च्या त्या नॉक्सव्हिलच्या ताफ्यावरून घेतले, आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. जो थॉम्पसन २०१२ मध्ये वारले. म्हणजे गुरूच्या समोर बसून शिकण्याची साखळी तुटता तुटता राहिली.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. आपली हिंदुस्थानी तालीम येथे उपयोगी आहे आणि काही ठिकाणी अडचणीचीही आहे. उपयोगाची बाब जुळवणीची. दक्षिणेतील जुने फिडलवादक अनेकदा खालच्या दोन तारा एकेका स्वराने चढवून ए-ई-ए-ई अशी जुळवणी करीत. ए हा षड्ज धरा. ती सरळ सा-प-सा-प होते, जी आपल्याकडील कितीतरी वादकांच्या वाद्यावर आधीच असते. चाल एका तारेवर वाजवताना शेजारची मोकळी तारही गजाखाली येऊ द्या. तानपुऱ्याची गरज तेवढ्याने भागते आणि दोन तारांचा तो भरदार, किंचित खरबरीत आवाज हाच या शैलीचा आधार आहे.

गांधारासाठी ए तारेवर दुसरे बोट वापरायचे आहे. पहिल्या बोटाला चिकटून ठेवले तर कोमल, तिसऱ्याला चिकटून ठेवले तर शुद्ध. ब्लूजचा गांधार या दोहोंच्या मध्ये राहतो, आणि ती जागा गाणाऱ्यागणिक, क्वचित एकाच ओळीत दोनदा, बदलते. ई तारेवर निषादाची तीच गत आहे, फक्त तो कोमलाकडे अधिक झुकतो. श्रुतींचा अभ्यास केलेल्या माणसाला ही जागा दाखवावी लागत नाही. अडचण येते ती मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात. आपली मींड श्वासाएवढी लांब आणि लयीवर तरंगणारी असते. येथली सरक आखूड असते आणि ठेक्याच्या ठोक्यावर नेमकी पोहोचते. मी सुरुवातीला प्रत्येक स्वर मींडेने जोडत असे, आणि सोबतचे गिटारवादक सौजन्याने काही बोलत नसत, पण नाचणारे थांबत. नाचणारे थांबले की वादकाला दुसरी टीका लागत नाही.

म्हणून पहिला महिना डावा हात बाजूला ठेवा. गज मुठीपासून दोन बोटे वर धरा, त्याचा मधला वीतभर भागच वापरा, आणि सा-प या दोन मोकळ्या तारांवर एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड असा ठेका धरा. पायाने ताल द्या. गजावर राळ नेहमीपेक्षा थोडी जास्त लावा. खरखर झाली तर होऊ द्या. शक्य असल्यास कोणाला तरी शेजारी बसवून दोन काड्यांनी तारांवर ठेका धरायला सांगा, म्हणजे गज कोठे उचलायचा ते हाताला कळेल. त्यानंतर बॅक्स्टर बापलेकांचे ‘जॉर्जिया स्टॉम्प’ घ्या, कारण त्यात गज स्वच्छ ऐकू येतो. मग शीक्स, आणि सर्वांत शेवटी अँथनी आणि सिम्स. स्वरलेखन करू नका. ऐकून गुणगुणा आणि गळ्यातून आले की मगच वाद्यावर घ्या.

गायकाबरोबर वाजवाल तेव्हा त्याच्या ओळीखाली आवाज निम्मा ठेवा. ओळीचा शेवटचा शब्द जेथे पडतो त्या मात्रेवर गजाची दिशा बदला, गांधारावर खालून या, तेथे थांबा, आणि पुढच्या ओळीच्या आधीच्या दोन मात्रा मोकळ्या सोडा, कारण गायक त्या जागी श्वास घेतो.